एकच जिलबी पुरे

"इश्श, नको!" मी म्हणाले, आणि त्या शहाण्याने ते खरं मानलं.

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात आम्ही उभे होतो. यंत्र खडखडत होतं, माझे दोन्ही हात मार्केटिंगच्या नोट्सच्या गरमागरम कागदांनी भरलेले होते, आणि एक पान आत जाऊन दुसरं बाहेर येईपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढ्यात खराडेने विचारून टाकलं होतं, "वृषाली, परीक्षा झाली की मी तुमच्या घरी बोलायला येऊ का? आपल्या लग्नाचं."

मी "नको" म्हटल्यावर त्याने मान हलवली. चेहरा जरासा उतरला, पण पाठ ताठच. "ठीक आहे," तो म्हणाला. "स्पष्ट सांगितलंस, बरं झालं." मग त्याने कागदांचे गठ्ठे सारखे केले, टाचण्या मारल्या, आणि कॉलेजच्या फाटकापर्यंत तो माझ्याशी मालाच्या साठ्याचं नियोजन या विषयावर बोलत आला!

मला वाटलं, उद्या परत विचारेल. उद्या गेला, आठवडा गेला, सहामाही गेली. खराडे तसाच हसतमुख, तसाच मदतीला तत्पर, आणि त्या विषयावर दगडासारखा गप्प.

आता जयसिंग खराडे कोण ते सांगायला हवं. वडील फौजेत, त्यामुळे बालपण कुठेकुठे छावण्यांत गेलेलं, पुढे सैनिक शाळेत. शिट्टी वाजली की उठायचं, शिट्टी वाजली की जेवायचं, आणि विचारलेल्या प्रश्नाला 'होय' किंवा 'नाही' यांपैकी एक उत्तर द्यायचं, यात पोरगा वाढला. इंजिनियर होऊन एमबीएला कोल्हापुरात आला तेव्हा त्याला मराठी पुस्तकासारखी येत होती आणि मराठी माणसं अजिबात कळत नव्हती. उंच, सरळ नाकाचा, आणि हसला की एका गालाला खळी. त्या खळीपायी माझा पहिल्या सत्रातला अकाउंट्सचा पेपर कसा गेला, ते विचारू नका.

"तू नको म्हणालीस?" सलमाने कपाळावर हात मारला. सलमा मुजावर म्हणजे माझी जिवाभावाची मैत्रीण, आणि आमच्या प्रोजेक्टच्या गटातली तिसरी. "अगं वेडे, का?"

"मग काय पहिल्याच फटक्यात हो म्हणू? आमच्याकडे चहासुद्धा तीनदा विचारल्याशिवाय कुणी घेत नाही."

"मग आता त्याला जाऊन सांग, की बाबा, अजून दोनदा विचार."

"मी कशी सांगू?"

"मग बस बोंबलत. परीक्षा झाली की तो चालला चेन्नईला. नोकरी पक्की झालीय त्याची. तिथे कुणीतरी एका विचारण्यात हो म्हणणारी भेटेल."

सलमाचं बोलणं असं, मिरचीच्या ठेच्यासारखं. पण खोटं काहीच नव्हतं त्यात. दिवस सरत होते, आणि खराडे मला हवा होता. साध्या मराठीत सांगायचं तर मी त्याच्यावर पार लट्टू झाले होते, आणि माझं घोडं माझ्याच एका शब्दापाशी अडून बसलं होतं.

अशात आमचा प्रोजेक्ट बुडाला. एका फाउंड्रीने आम्हाला त्यांच्याकडचं काम अभ्यासायला परवानगी दिली होती, तिथे संप होऊन फाटकाला कुलूप लागलं. देवस्थळी सर म्हणाले, "दुसरा चालता व्यवसाय शोधा. माणसांची गरज ओळखा, तिचा अंदाज बांधा, पुरवठा करा, आणि अंदाज किती खरा ठरला ते मला दाखवा. आणि एक लक्षात ठेवा. ग्राहकाला काय हवं ते ग्राहकालाच विचारा. आपल्या मनचं घुसडू नका." हे शेवटचं वाक्य सर दर तासाला म्हणायचे. खराडेने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

खराडे आणि सलमा हताश होऊन बसले तेव्हा मी म्हणाले, "आमच्या वैजूताईचं लग्न आहे. जेवणावळ आपण चालवली तर?"

मला जेवणावळीशी काही देणंघेणं नव्हतं. खराडे आमच्या घरी येईल, एवढंच माझं गणित. सलमाने टेबलाखालून माझा पाय दाबला. खराडेचे डोळे मात्र लकाकले. "पंगत!" तो म्हणाला. "मागणी, साठा, रांग, वेळ. वृषाली, तू हुशार आहेस."

माझे कान गरम झाले.

गंगावेशीत आमचं भांड्यांचं दुकान, वर घर. आमच्या गल्लीत एमबीए म्हणजे काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारच्या शांताक्का मला अधूनमधून गुडघा दाखवायच्या. पण अप्पांना लेकीच्या शिक्षणाचा कोण अभिमान! "माझी पोरगी शास्त्रानं पंगत चालवनार," असं ते गिऱ्हाइकाला पातेलं दाखवता दाखवता सांगायला लागले. आईने मात्र खराडेला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, मग मला न्याहाळलं, आणि काहीच बोलली नाही. आई बोलली नाही की मला धडकी भरते.

मग आम्ही माणसांना विचारत सुटलो. दोन्हीकडचे पाहुणे, भाऊबंद, शेजारपाजार. खराडे समोर बसून गंभीरपणे विचारायचा, "आपण लग्नात साधारण किती जिलब्या घेता?" आणि माणसं तेवढ्याच गंभीरपणे थापा मारायची. कुणाला गोडाचं वावडं होतं. कुणी फक्त चव बघायचं. शांताक्का म्हणाल्या, "मी कुठली बाई जिलबी खातीय, मला ताक-भात द्या म्हंजी झालं." देवस्थळी सरांनाही आमंत्रण होतं. तेसुद्धा म्हणाले, "एखादी. वय झालं आता."

सगळ्यांत महत्त्वाचे होते नवरदेवाचे मामा, आबासाहेब मोहिते. वारणेकाठचे नावाजलेले पैलवान. नवरदेवाच्या वडिलांमागे त्यांनीच पोराला वाढवलेलं, म्हणून लग्नात पहिला मान त्यांचा. ते खूश तर सगळं गाव खूश, आणि ते रुसले तर लेकीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागणार, असा मामला. आम्ही एसटीने त्यांच्या गावी गेलो. मामा ओट्यावर बसले होते, आणि ओटा भरून उरले होते.

"जिलबी?" मामांनी मिशीवरून हात फिरवला. "आता कुठलं, पोरी. कुस्ती सुटली तसा आहार बी सुटला. येकच जिलबी पुरे. ती बी तुमचा मान राखायला."

आतल्या दारात मामी उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि त्यांचे खांदे गदागदा हलायला लागले. मी ते पाहिलं. खराडेने लिहिलं, 'एक'.

घरी येऊन जिलब्यांचा एकूण आकडा सांगितला, तो ऐकून आईने लाटणं खाली ठेवलं. "अवो खराडे, मानसं बोलत्यात येक आनि खात्यात येक. जिलबी दुपटीनं सांगा आचाऱ्याला."

"काकू," खराडे अगदी नम्रपणे म्हणाला, "ते 'नको' म्हणालेत. आपण त्याचं 'हवं' करायचं, म्हणजे त्यांच्या शब्दाला किंमतच नाही असं नाही का होत? माझी आई म्हणायची, कुणी नको म्हटलं की ते ऐकायचं. त्यात त्या माणसाचा मान असतो."

तो हे बोलला आणि झेरॉक्सच्या दुकानातला सगळा प्रसंग माझ्यापुढे उभा राहिला. म्हणजे हा माणूस माझा मान राखत होता तर! मला हसावं की रडावं कळेना. आई माझ्याकडे बघत होती, आता तरी ही काही बोलेल म्हणून. मी पंगतीत वाढलेली मुलगी, मला सगळं ठाऊक होतं. पण समोर ती खळी होती.

"खराडे म्हणतोय ते बरोबर आहे," मी म्हणाले.

आईने लाटणं उचललं आणि माझ्यावरचा सगळा राग पोळीवर काढला.

वाढायला गल्लीतल्या तालमीची पोरं होती. दुकानामागच्या बोळात खराडेने त्यांची कवायत घेतली. त्याचा मंत्र सोपा होता: विचारा, ऐका, पुढे! पदार्थ एकदा विचारायचा, 'नको' आलं की तिथे घुटमळायचं नाही. पोरं रिकाम्या पराती घेऊन बोळातून मागे-पुढे धावत होती आणि बाकी सगळी गल्ली गॅलरीतून बघत होती.

लग्नाच्या दिवशी दुपारी अक्षता पडल्या आणि मानाची पंगत बसली. सगळा वरपक्ष, मधोमध मामा, टोकाला देवस्थळी सर. पत्रावळीभोवती रांगोळ्या, उदबत्त्यांचा वास, आणि आमची पोरं पिवळ्या टोप्या घालून रांगेत सज्ज. खराडेने शिट्टी फुंकली.

खोटं कशाला सांगू, सुरुवातीला माझा ऊर भरून आला. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, मसालेभात, सगळं घड्याळाच्या काट्यासारखं. कुठे आरडाओरडा नाही, कुणी कुणाच्या पायात नाही. मग जिलबी आली. ज्याने सांगितली होती तेवढीच, बहुतेकांना एकेक, पानात पडली, आणि वर एकदाच विचारणं. "आणखी जिलबी?" "नको." पुढे! "जिलबी?" "बास बास, नको." पुढे! पिवळ्या टोप्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसर गेल्या आणि पंगतीच्या वाटणीची परात शेवटच्या पानाशी नेमकी रिकामी झाली.

"जुळलं!" खराडे धावत माझ्याकडे आला. आनंदाने त्याचा आवाज चिरकला होता. "वृषाली, अंदाज आणि खप, तंतोतंत! एकसुद्धा उरली नाही, एकसुद्धा कमी पडली नाही. असं पुस्तकातसुद्धा होत नाही!"

सलमाने आनंदाने त्याच्या पाठीत धपाटा घातला. मीही उडीच मारणार होते. पण मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग कळलं. मांडव शांत होता. लग्नाच्या पंगतीत इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.

मी रांगेवरून नजर टाकली. मामांची एक जिलबी कधीच संपलेली, पान लख्ख. त्यावर त्यांचा तो पंजा, हलकेच टेकलेला, बोटं फाकलेली. त्यांच्या शेजारच्याचाही तसाच. त्याच्या पुढच्याचाही. ओळीने सगळे हात पानांवर, बोटं फाकवून, परत कुणी विचारायला येईल म्हणून वाट बघत असलेले. देवस्थळी सरांचासुद्धा.

मामा तांब्यातलं पाणी प्याले. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "झालं वाटतं. शेरातली रीत दिसतीया. चला, पावनं, उठूया."

आई कुठून आली कोण जाणे. तिने माझा दंड धरला. "पानावरनं उपाशी उठले तर माझ्या वैजूचं काय व्हईल? उठू देऊ नगंस त्यास्नी. काय बी कर!"

वैजूताई नवरदेवाच्या शेजारी मान खाली घालून बसली होती. तिच्या मुंडावळ्या हलत होत्या आणि ती हसत नव्हती.

मी खराडेला मांडवाच्या खांबामागे ओढलं. "आग्रह करायला हवा! आत्ताच्या आत्ता!"

"पण ते नको म्हणाले."

"ते नको नाहीये!"

"मग काय आहे?"

"ते... परत विचार, असं आहे!" मी त्याचा हात धरून खांबावर आडवा ठेवला. "हे बघ. खरंच नको असलं की माणूस दोन्ही हातांनी पान झाकतो. बोटं गच्च मिटलेली, वर ओणवा होतो. आणि बोटं अशी फाकलेली असली, मधून पान दिसत असलं, की त्याला विचारलेलं हवं असतं. एकदा नाही, तीनदा."

खराडे स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. "बोटं," तो म्हणाला. "हे कुठेच लिहिलेलं नाही."

"जा ना!"

आमच्या बाजूच्या पंगतीसाठी झाकून ठेवलेली एक परात तेवढी शिल्लक होती. आचाऱ्याने भट्टी विझवलेली, पीठ आमच्याच हुकमाने बेताचं भिजवलेलं. अख्ख्या वरपक्षाने 'वाढा' म्हटलं तर ती परात अर्ध्या ओळीलाही पुरली नसती. खराडेने ती उचलली आणि उठायच्या बेतात असलेल्या मामांपुढे जाऊन उभा राहिला.

"मामासाहेब, जिलबी."

"नको."

सवयीने पठ्ठ्या वळलाच! मी मागून त्याच्या सदऱ्याला हिसका दिला. तो पुन्हा समोर.

"मामासाहेब, घ्याच. माझ्यासाठी."

"नको म्हंटलं न्हवं?"

खराडेने माझ्याकडे पाहिलं. मी तीन बोटं दाखवली. मग त्याने टाचा जुळवल्या, छाती काढली, आणि कवायतीच्या मैदानावर शोभेल अशा आवाजात गरजला, "मामासाहेब! आपण जिलबी घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही!"

मांडव दचकला. कुणाच्या तरी हातातला तांब्या पडला. मामांनी मान वर करून त्याला न्याहाळलं, पैलवान पैलवानाला न्याहाळतो तसं.

"मग ऱ्हा हुबा."

"राहतो!"

राहिला. परात दोन्ही हातांत, नजर समोर, घाम नाकाच्या शेंड्यावर. पंगत हसायला लागली. कुणीतरी ओरडलं, "मामा, चीतपट व्हतोय आता तुमी!" मामांची मिशी हलली. मग त्यांचा पंजा पानावरून बोटभर वर उठला.

"वाढ. पर येकच."

"एक कधीच वाढत नाहीत!" मी मागून ओरडले.

"जोडी!" खराडे ओरडला आणि त्याने मूठभर जिलब्या पानात ठेवल्या. मामांनी "अरं अरं अरं" करत हात मागे घेतला आणि तोंडभर हसले.

मग काय, बांधच फुटला. पिवळ्या टोप्यांनी कवायत गुंडाळून ठेवली आणि पोरं आपल्या मूळ धर्मावर आली. "घ्या की वो आण्णा!" "आमची शपथ हाय!" "लेकीकडचं हाय, न्हाई म्हनू नगा!" अप्पा भाताचं ताट घेऊन धावले. आई बायकांच्या रांगेत शिरली. जो तो नको नको म्हणत होता आणि जो तो खात होता, आणि मांडवात असा कालवा उठला की वाजंत्रीवाले वाजवायचे थांबून बघायला लागले.

आणि जिलब्या संपल्या. मामांच्या रांगेचं पुढचं टोक आणि समोरची अख्खी रांग अजून बाकी होती.

"आता?" सलमाने विचारलं.

"आता डोक्याच्या वर धरायची," मी म्हणाले.

"काय?"

"परात. बसलेल्या माणसाला आतलं दिसत नाही."

सलमाने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते मला अजून आठवतं. तिने दुसरी रिकामी परात उचलून डोक्यावर धरली, मी खराडेच्या हातातली घेतली, आणि आम्ही दोघी समोरच्या रांगेत घुसलो. हा माणूस आत्ताच दोनदा भात घेऊन बसलाय, ही बाई कंबरेची गाठ सैल करतेय, असं बघत, हेरत, आणि जिवाच्या आकांताने आग्रह करत. "काकू, दोन घ्याच!" "नको गं बाई." "असं कसं, चार वाढते!" "नको नको नको!" दोन्ही हात पानावर, बोटं गच्च. सुटलो! पुढे! एकाने जरी "बरं, टाक" म्हटलं असतं तर माझ्या परातीत पाकाच्या डागाशिवाय काही नव्हतं. पण जितका जीव तोडून आग्रह करावा तितकी माणसं हात घट्ट धरत होती, आणि खुशीत येत होती. पोट आधीच भाताने भरलं होतं. राहिलं होतं ते फक्त विचारणं. देवस्थळी सरांपाशी तर मी ओरडलेच, "सर, एखादी?" आणि सर पानावर ओणवे होऊन म्हणाले, "नको, बाळ, खरंच नको!"

तेवढ्यात मांडव दणाणला. "ये पोरी! हिकडं आन ती परात!"

मामा.

सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. खराडे अजून त्यांच्यासमोरच उभा होता, पांढराफटक. मी डोक्यावर रिकामी परात घेऊन चालत गेले. दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं.

"खाली घे," मामा म्हणाले.

मी घेतली. मामांनी परातीत पाहिलं. मग माझ्याकडे. मग सगळी ओळ पसरली होती तिकडे: ढेकर देणारी, हसणारी, कुणी कुणाच्या पानात भात लोटणारी त्यांची माणसं. मग पुन्हा परातीकडे. वैजूताईने तेवढ्या वेळात श्वास घेतला नाही, असं ती नंतर शपथेवर सांगायची.

"नको!" मामा एकदम गरजले, आणि दोन्ही पंजे पानावर दाबून त्यावर ओणवे झाले. "नको नको, पोरी! जीव घेतीस काय म्हाताऱ्याचा? किती आग्रह म्हनायचा ह्यो! उचल ती परात, पोट फुटंल माजं!"

पंगत खदखदून हसली. परात उचलायला मी वाकले तेव्हा मामा मिशीतल्या मिशीत पुटपुटले, "डोक्यावरच धर. समोरल्या रांगेतला खुळा हाय, हो म्हनंल."

वैजूताईची पाठवणी झाली. मामांनी जाताना अप्पांना मिठी मारली, त्यात अप्पांचा फेटा सुटला. "असा आग्रह आमच्या सात पिढ्यांत कुनी केला न्हवता," असं ते फाटकापर्यंत सांगत गेले. आई रडली, मी रडले, सलमा आमच्याहून जास्त रडली, आणि मग सगळ्यांना एकदम भूक लागली.

घरच्यांची पंगत उन्हं कलताना बसली. भात होता, आमटी होती, आणि जिलबीच्या जागी गूळ-तूप. खराडे काही बसेना. तो वाढत होता. आता त्याला वाढण्याचं वेडच लागलं होतं, शांताक्कांना त्याने इतका आग्रह केला की त्या म्हणाल्या, "आरं बाबा, मला घरी चालत जायचं हाय."

मग तो माझ्या पानासमोर आला. हातात द्रोण. द्रोणात एक जिलबी.

"ही कुठून आली?" मी विचारलं.

"नमुना. प्रोजेक्टसाठी सकाळीच काढून ठेवली होती."

"मग वाढतोस का? सरांना दाखवायची ना?"

खराडे गुडघ्यावर टेकला. आवाज इतका खाली आणला की शेजारी बसलेल्या सलमाला ऐकायला वाकावं लागलं. म्हणजे, ती वाकलीच.

"वृषाली, त्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात तू नको म्हणालीस."

"हो."

"तुझे दोन्ही हात कागदांत होते." तो म्हणाला. "मला बोटं दिसली नाहीत. म्हणून फक्त एवढंच विचारतो. ते खरं नको असेल तर मी परत कधी विषय काढणार नाही. पण तसं नसेल, तर... मी घरी बोलायला येऊ का?"

माझ्या छातीत ढोल-ताशे. इतके दिवस ज्या दुसऱ्या विचारण्यासाठी मी देव पाण्यात घालून बसले होते, ते समोर येऊन गुडघ्यावर बसलं होतं. हो म्हणायला तोंड उघडलं तर नुसतं हसूच बाहेर यायला लागलं.

"नको," मी कसंबसं म्हणाले, आणि पानावर हात ठेवला.

खराडे वाकला. परीक्षेत प्रश्नपत्रिका वाचावी तसा तो माझा हात वाचत होता. एक बोट. मग दुसरं. मग मधली फट. गालावर खळी पडायला लागली, पण अजून त्याची खात्री होईना, म्हणून तो आणखी वाकला, आणि मी बोटं आणखी फाकवली, इतकी की तळहात दुखायला लागला.

पंगतीच्या दुसऱ्या टोकाकडून आईचा आवाज आला.

"अवो खराडे, बघत काय बसलाय? वाढा की!"